मुऱ्हाळी म्हणून आलेला नवरा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली. लग्नाच्या नावाखाली होणारी फसवणूक हा तो विषय, आणि काही पत्रांत तर ती एकट्या माणसाने नव्हे, नवराबायकोने मिळून केली आहे. एक पत्र मात्र अशा घटनेवर नाटक लिहिणाऱ्याचे आहे. पाचही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. नावे आणि गावे गाळली असून तालुका तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : वकीलताई, सप्रेम नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले शेतकरी. सहा एकर केळी आणि थोडा कापूस आहे. धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. सात वर्षे मुली पाहत होतो. प्रत्येक ठिकाणी मुलाला नोकरी आहे का आणि पुण्याला घर आहे का, हे दोनच प्रश्न विचारले जात. गेल्या चैत्रात एका मध्यस्थाने मध्य प्रदेशातील मुलगी सुचवली. आईवडील नाहीत, एकच भाऊ आहे, घरची गरिबी आहे, लग्नाचा खर्च तुमचा आणि भावाच्या हातात २ लाख १० हजार द्यायचे, असे ठरले. मुलगी आम्ही मध्यस्थाच्या घरीच पाहिली आणि चौथ्या दिवशी मंदिरात लग्न लावले. गावाला वरण-बट्टीचे जेवण दिले. नवव्या दिवशी अखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) तिचा भाऊ मुऱ्हाळी म्हणून, म्हणजे तिला माहेरी न्यायला, आला. पहिलीच अखाजी, सुनेने भुंड्या गळ्याने माहेरी जाऊ नये म्हणून आईने स्वतःची पोत काढून तिच्या गळ्यात घातली. मंगळसूत्र, कानातले आणि पोत मिळून साडेचार तोळे सोने झाले. आईने ओटी भरली, सांजोऱ्यांचा डबा दिला. माझ्या पत्नीला एक गोष्ट खटकली होती : चहा आला तेव्हा त्या भावाने न विचारता स्वतःच्या कपातला अर्धा चहा तिच्या बशीत ओतला आणि तिनेही मान वर न करता तो पिऊन टाकला. बहीणभाऊ असे वागत नाहीत, असे पत्नीला वाटले. पण आलेल्या पाहुण्याविषयी असे बोलायचे कसे? त्या दिवसापासून दोघांचे फोन बंद आहेत. दीड महिन्याने शिरपूर तालुक्यातील एका कुटुंबाकडे तीच मुलगी नवरीच्या वेषात फोटोत दिसली आणि तोच माणूस मामेभाऊ म्हणून शेजारी उभा होता. तिच्या गावी चौकशी केली, तेव्हा तो तिचा लग्नाचा नवरा असून त्यांना चार वर्षांचा मुलगा असल्याचे कळले. आता मध्यस्थ म्हणतो, दागिने तुम्हीच घातले, मग चोरी कसली? शिवाय तक्रार केलीत तर मुलगी तुमच्यावरच अत्याचाराची केस टाकेल, अशी धमकीही देतो. पैसे दिल्यामुळे आपणच अडकू, असे गावातले जाणते सांगतात. भाऊ घराबाहेर पडत नाही. पारावरची पोरे मागून ‘नवरी पयी गई ना भो’ (नवरी पळून गेली ना भाऊ) म्हणतात. तक्रार करावी का?

उत्तर : दादा, तक्रार करावी, आणि आता आणखी दिवस घालवू नयेत.

मध्यस्थाचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. मालकाच्या संमतीवाचून वस्तू नेली तर ती चोरी होते. तुमच्या आईने पोत स्वतःच्या हाताने घातली, त्यामुळे पोतीपुरती चोरी सिद्ध करणे अवघड जाईल, हे खरे. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची जी व्याख्या आहे, ती नेमकी अशाच देण्याघेण्यासाठी आहे : खोटे भासवून समोरच्याला त्याची मालमत्ता आपण होऊन द्यायला लावणे. समोर बसलेला माणूस मुऱ्हाळी नसून तिचा नवरा आहे हे ठाऊक असते, तर आईने पोत काढून दिली असती का? ‘नाही’ हे तिचे उत्तर म्हणजेच तुमची फिर्याद. कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. दुसरीच व्यक्ती असल्याचे भासवून फसवल्याबद्दल कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कट आणि समान इरादा यांची कलमे लागली, तर ज्याने प्रत्यक्ष सोन्याला हात लावला नाही तोही सुटत नाही. मध्यस्थाला दोघांचे नाते माहीत होते असे दिसले, तर तो तिसरा आरोपी होईल. आज तुम्हाला कायदा शिकवण्याची त्याची घाई त्यामुळेच असावी. (ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे जुने कलम ४२० लागते, हे इतर वाचकांसाठी.)

खटला उभा राहिल्यावर आरोपींचा वकील आणखी एक मुद्दा काढेल, तोही आताच सांगते, कारण मी तो समोरच्या बाकावरून ऐकलेला आहे : सुनेच्या अंगावर घातलेले दागिने स्त्रीधन असते, ते तिच्या मालकीचे, मग गुन्हा कशाचा? खऱ्या लग्नात हे अगदी बरोबर आहे आणि सासरच्यांनी ते विसरू नये. येथे मात्र मुळात लग्नच नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ५ प्रमाणे लग्नाच्या वेळी वधूवरांपैकी कोणाचाही जोडीदार हयात असता कामा नये. तसा तो असेल, तर कलम ११ प्रमाणे विवाह मुळातूनच शून्य असतो. भावाने तेवढे एक काम वेगळे करावे : दिवाणी न्यायालयातून विवाह शून्य असल्याची घोषणा मिळवावी, म्हणजे पुढे दुसरे लग्न ठरवताना कोणी बोट दाखवणार नाही.

आता पैशांची भीती. हुंडा म्हणजे मुलीच्या बापाने द्यायचा, असे आपण धरून चालतो. पण हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ मधील व्याख्येत एका पक्षाने दुसऱ्या पक्षाला लग्नाच्या संबंधात दिलेली मालमत्ता असे आहे, कोणत्या पक्षाने कोणाला याचा भेद नाही. त्यामुळे गावातल्या जाणत्यांची शंका अगदीच निराधार नाही. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ७(३) मध्ये अशीही तरतूद आहे, की गुन्ह्याची झळ पोचलेल्या व्यक्तीने दिलेल्या जबाबामुळे तिच्यावर त्या अधिनियमाखाली खटला चालवता येत नाही. तेव्हा २ लाख १० हजारांचा आकडा फिर्यादीतून लपवू नका. रक्कम लपवली, तर ती परत मागण्याचा रस्ताही तुम्हीच बंद कराल.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडली नाही तरी सांगते. बोलणी मुलीच्या घरी न होता मध्यस्थाच्या ओसरीवर झाली आणि पहिला प्रश्न ‘किती’ हा होता, तेथेच थांबायला हवे होते. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजांत देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची रीत आहे आणि हे भामटे तिचेच नाव पुढे करतात. पण देज पंचांसमोर, दोन्ही गावांना ठाऊक असलेल्या माणसांत ठरते. अनोळखी भावाच्या खिशात बंद पाकीट टाकणे ही ती रीत नव्हे. पोलिसांना सांगताना हेही सांगा, की मुलीवर बळजबरी होत असल्याची एखादी खूण घरात कोणाला दिसली होती का. अशा काही प्रकरणांत मुलगी टोळीची भागीदार नसते, तिलाच कोणीतरी विकत फिरवत असते आणि मग प्रकरण न्याय संहितेच्या कलम १४३ खाली मानवी व्यापाराचे होते. तुमच्या पत्रातल्या चहावरून तसे वाटत नाही, पण ते ठरवणे तपासाचे काम आहे.

गुन्हा तुमच्याच पोलीस ठाण्यात नोंदवता येईल, कारण पैसे आणि सोने तेथेच दिले गेले. मुलगी मध्य प्रदेशची म्हणून तिकडे जा, असे कोणी सांगितले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करावा; गुन्हा कोठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. तरीही नकार मिळाला, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवावा आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. धमकीच्या फोनचे ध्वनिमुद्रण असेल तर तो फोन तसाच ठेवा. खोट्या केसची भीती घालून पैसे उकळणे न्याय संहितेच्या कलम ३०८ मधील खंडणीपर्यंत जाऊ शकते. ध्वनिमुद्रण न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

पुराव्यात सर्वांत महत्त्वाचे काय, तर त्या दोघांचे नाते. पत्नीने पाहिलेला चहाचा प्रसंग जबाबात अवश्य यावा, पण त्यावरून नवराबायको सिद्ध होत नाहीत. ते सिद्ध होतील त्या चार वर्षांच्या मुलाच्या जन्मनोंदीवरून, जिच्यात आई आणि बाप दोघांची नावे असतात, आणि शिधापत्रिकेवरून. तपासी अधिकाऱ्यांना ही दोन कागदपत्रे मागवण्याची लेखी विनंती करा. सोन्याची पावती शोधा. नवे दागिने असतील तर त्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असतो; १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने त्याशिवाय विकता येत नाहीत. दागिना कोणा सराफाकडे मोडीत गेला असेल आणि अजून आटवला नसेल, तर त्या क्रमांकावरून तो ओळखता येतो. आईच्या जुन्या पोतीला असा क्रमांक नसणार. तिचा जवळून काढलेला फोटो लग्नाच्या अल्बमात सापडतो का पाहा. रोख रकमेसाठी बँकेतून पैसे काढल्याची नोंद पुरेशी बोलकी असते.

आणि पारावरच्या पोरांविषयी. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४ होता. तुमचा भाऊ त्या पिढीतला नाही. त्या आकड्यातली मुले आता कोठे लग्नाच्या वयाला येत आहेत, म्हणजे जी पोरे आज हसतात त्यांच्याच ओसरीवर उद्या हा मध्यस्थ जाऊन बसणार आहे. तुमच्या फिर्यादीत त्याचे नाव असणे त्यांच्याही उपयोगाचे आहे.

प्रश्न : मी अमळनेरचा, हौशी नाट्यमंडळींसाठी एकांकिका लिहितो. सध्या लिहीत असलेल्या गुन्हेनाट्यात एक जोडपे आहे. बायको नवरी होते, नवरा तिचा भाऊ होतो आणि आठदहा दिवसांनी दोघे सोने घेऊन पसार होतात. तिसऱ्या घरात मात्र म्हाताऱ्या सासूचा तिला लळा लागतो आणि ती जायला नकार देते. शेवटच्या प्रवेशात ती पोलीस ठाण्यात सर्व कबुली देते, निरीक्षक नवऱ्याला बेड्या घालतो आणि नवरा ओरडतो, ‘बायको नवऱ्याविरुद्ध साक्ष देऊ शकत नाही!’ तिला द्विविवाहाबद्दल सात वर्षे शिक्षा होते, असे निवेदन पडदा पडताना येते. कायद्याच्या दृष्टीने यात चुका आहेत का?

उत्तर : आहेत, आणि त्या सुधारल्या तर तुमचे नाटक चांगलेच होईल असे मला वाटते.

पोलीस ठाण्यातली कबुली रंगमंचावर कितीही परिणामकारक असली तरी न्यायालयात तिचे मोल जवळजवळ शून्य आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. साक्ष अधिनियमाचे कलम २३ तसे सांगते. त्याला एकच फट आहे : आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष हाती लागली, तर माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. म्हणून तुमचा प्रवेश ठाण्यातून उचलून जळगावच्या सराफ बाजारात न्यावा. ती पायरी चढते, काउंटरपाशी थांबते, ‘तिसऱ्या कप्प्यात, लाल कागदात’ असे म्हणते आणि पंचांसमोर सराफ कप्पा ओढतो. रडून दिलेल्या कबुलीपेक्षा त्या लाल कागदाच्या पुडीचे वजन खटल्यात अधिक भरते.

बेड्यांची घाई नको. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही; पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात आणि अटक केली तर तिची कारणे नोंदवावी लागतात. पळून जाण्याचा इतिहास असलेल्या तुमच्या नायकाला अटक होईल हे पटण्यासारखे आहे, पण ती त्या कारणाने व्हावी.

नवऱ्याचे ते वाक्य आपल्याकडे इतके रुजले आहे, की पक्षकारसुद्धा ते मला ऐकवतात. प्रत्यक्षात साक्ष अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे फौजदारी खटल्यात आरोपीची पत्नी किंवा पती सक्षम साक्षीदार आहे. संरक्षण आहे ते वेगळ्या गोष्टीला : कलम १२८ प्रमाणे वैवाहिक जीवनात एकाने दुसऱ्याला जे सांगितले, ते सांगणाऱ्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, एकाने दुसऱ्याविरुद्धच गुन्हा केला असेल तर मात्र हे संरक्षण राहत नाही. म्हणजे तुमची नायिका साक्षीच्या पिंजऱ्यात त्याने काय केले हे सांगू शकते. त्याने पाकीट घेतले, मुऱ्हाळी होऊन आला, मोटारसायकलवर बसवून नेले, हे सर्व चालेल. तो रात्री तिच्याशी काय बोलला, कोणत्या शब्दांत तिला तयार केले, हे ती सांगू लागली की समोरचा वकील उठून हरकत घेणार. साक्षीतला प्रत्येक प्रसंग असा अर्धा मुका होतो. नाटककाराला यापेक्षा आणखी काय हवे?

पण ती साक्षीदार होणार कशी, ती तर स्वतःच आरोपी आहे? सहआरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही. येथे माफीचा साक्षीदार हा मार्ग येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ प्रमाणे सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायदंडाधिकारी एका आरोपीला माफी देऊ करू शकतात. अट एकच : स्वतःच्या वाट्यासह सर्व काही पूर्ण आणि खरे सांगायचे. ३१८(४) त्या मर्यादेत बसते. लळा लागलेल्या सासूसमोर, पहिल्या दोन घरांत आपण काय केले हे तिला एकेक करून सांगावे लागेल. तुमचा खरा शेवटचा प्रवेश तो आहे.

द्विविवाहाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. न्याय संहितेच्या कलम ८२ खाली शिक्षा व्हायची तर दुसरे लग्न विधीपूर्वक, म्हणजे त्या समाजात आवश्यक मानलेले संस्कार होऊन, लागलेले असले पाहिजे. १९६५ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने होम आणि सप्तपदी सिद्ध न झाल्यामुळे आरोपींची या गुन्ह्यातून सुटका केली होती. भामटे जोडपे नेमके अर्धवट विधी करते : हार घातले, फोटो काढले, संपले. अशा वेळी कलम ८३ अधिक जवळचे आहे. आपण कायद्याने विवाहबद्ध होत नाही हे ठाऊक असताना कपटाने लग्नाचा सोहळा पार पाडणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र ही दोन्ही कलमे पोलीस आपण होऊन चालवू शकत नाहीत, पीडित व्यक्तीला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे स्वतः तक्रार द्यावी लागते. तेव्हा निवेदनातली सात वर्षे फसवणुकीबद्दलची असू द्यावीत. माफी स्वीकारून खरे बोलली असेल, तर तिला तीही नाहीत.

एक प्रसंग देते, हवा तर वापरा. अशाच एका प्रकरणात न्यायालयाच्या शिपायाने आरोपी बाईच्या नावाचा पुकारा केला. फिर्यादी कुटुंब बाकावरच बसून राहिले, कोणी मान वळवली नाही. महिनाभर ज्या नावाने तिला हाका मारल्या होत्या ते नाव वेगळे होते. ती दारातून आत आली तेव्हा नवरदेवाची आई सवयीने जुन्याच नावाने हळूच काही बोलली, आणि ती वळली.

आणखी एक विनंती : नवरदेवाला विनोदी पात्र करू नका.

प्रश्न : साक्री तालुका. मध्यस्थ म्हणतो, मंदिर नको, तालुक्याला जाऊन स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर लग्न करू, ते पक्के असते. खरे का?

उत्तर : खरे नाही. नोटरी हा विवाह अधिकारी नव्हे. त्याच्या शिक्क्याने सह्या खऱ्या ठरतात, लग्न लागत नाही. कायदेशीर रस्ते दोन : धार्मिक विधीने लग्न लावून नंतर नोंदणी, किंवा विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस देऊन विवाह अधिकाऱ्यांसमोर लग्न. तीस दिवस म्हटल्यावर तुमच्या मध्यस्थाचा चेहरा कसा होतो ते पाहावे. आधार कार्डाच्या झेरॉक्सवर विसंबू नका. मूळ कार्डावरील क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन केला, की नाव आणि फोटो दिसतो, तो समोरच्या माणसाशी जुळवून पाहा. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला मागा. मुलगी अठराच्या आतली निघाली तर फसलेले तुम्ही राहणार नाही, बालविवाह आणि पोक्सोचे (बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे) आरोपी व्हाल. तिच्या गावच्या पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना जाऊन भेटणे हा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. लग्न जुळवण्याचा धंदा करणाऱ्याने राज्याच्या १९९८ च्या विवाह मंडळ विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते. तुमच्या मध्यस्थाकडे ते प्रमाणपत्र विचारा.

प्रश्न : मी शहादा तालुक्यात परिचारिका आहे, वय अडतीस, घटस्फोटित. विवाहविषयक संकेतस्थळावर एका गृहस्थांची ओळख झाली. ते विधुर असल्याचे सांगत. घरी पाहायला आले तेव्हा सोबत त्यांच्या वहिनी होत्या. त्यांनीच माझी सर्व चौकशी केली, माझ्या आईशी दोन तास गप्पा मारल्या. सप्तपदीसह लग्न झाले. धंद्यासाठी म्हणून सहा महिन्यांत मी ६ लाख ४० हजार दिले, बहुतेक यूपीआयने. आता कळले, की त्या वहिनी म्हणजे त्यांची हयात पत्नी आहे. मला पाचवा महिना आहे. माझे स्थान काय?

उत्तर : ताई, पहिल्या पत्रात मुऱ्हाळी नवरा निघाला, तुमच्याकडे वहिनी बायको निघाली, सोंग बदलले, कसब तेच. घरात बाई सोबत आली की आपल्या आयांचा निम्मा संशय गळून पडतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

तुमचे लग्न विधीपूर्वक झाल्यामुळे येथे कलम ८२ सरळ लागते, आणि पहिले लग्न लपवून ठेवल्यामुळे त्याच्या उपकलम (२) खाली शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. त्यासाठीची तक्रार तुम्ही स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्यावी. पैशांच्या फसवणुकीचा गुन्हा पोलिसांत वेगळा नोंदवावा; त्यात पत्नीला कटाची भागीदार म्हणून आरोपी करता येईल, आणि तिने स्वतः विचारलेले प्रश्न, केलेले फोन, खात्यावर वळलेली रक्कम यांवरून तिचा सहभाग दिसेल. रक्कम नुकतीच गेली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आजच कळवा. पैसे पुढे काढले जाण्याआधी ते खाते गोठवता येण्याची थोडी शक्यता असते. सहा महिन्यांपूर्वीच्या व्यवहारांबाबत ती आशा धरू नये, पण नोंदी मात्र सर्व मिळतात.

विवाह शून्य आहे, तरी तुमचे मूल औरस आहे. हिंदू विवाह अधिनियमाचे कलम १६ हे स्पष्ट शब्दांत सांगते, त्यामुळे जन्मनोंदीत वडिलांचे नाव घालताना संकोच बाळगू नका; पित्याकडून मुलाच्या पालनपोषणाचा खर्चही मागता येतो. तुमच्या स्वतःच्या पोटगीविषयी : २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पहिले लग्न लपवून ज्याने स्त्रीला फसवले, त्याला पोटगी टाळण्यासाठी ‘हे लग्नच नव्हते’ असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने शून्य विवाहातही कायम पोटगीचा विचार होऊ शकतो, असा निर्णय दिला. दोन्ही निकाल तुमच्या वकिलांना दाखवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

प्रश्न : भडगाव तालुका. आमच्या चुलतभावाला फसवून गेलेल्या नवरीचा फोटो ‘हिच्यापासून सावध’ असे लिहून आम्ही सहा-सात ग्रुपवर टाकला. आता तिच्याकडून नोटीस आली आहे.

उत्तर : हेतू समजतो, पण कृती चुकली. गुन्हा सिद्ध होण्याआधी एखादीला चोर म्हणून फिरवल्यास न्याय संहितेचे अब्रुनुकसानीचे कलम ३५६ तुमच्यावर येऊ शकते, आणि ती स्वतः कोणाच्या ताब्यातली निघाली तर तुम्ही एका पीडितेचा चेहरा गावोगाव पोचवला असे होईल. ग्रुपवरील मजकूर काढून टाकावा, नोटिशीला वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्यावे आणि चुलतभावाची फिर्याद अजून झाली नसेल तर ती आधी नोंदवावी. लग्नातले मूळ फोटो मात्र फोनमधून पुसू नका. ज्या फोटोत तिच्यासोबत आलेले पाहुणे मागच्या रांगेत उभे आहेत, तो तपासी अधिकाऱ्यांना सर्वांत आधी लागेल.